दोन व्होल्टांचा प्रश्न

व्हॉल्व्हचा प्रीअँप्लिफायर बांधायला घेणाऱ्याने सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी एक हिशेब मांडावा. ज्या साधनातून गाणं येणार, त्यातून व्होल्ट किती येतात? आणि ज्या पॉवर अँप्लिफायरला ते द्यायचं, त्याला पुरा आवाज काढायला किती लागतात? १९८२ साली सीडी प्लेयर बाजारात आला आणि डिजिटल साधनांच्या आउटपुटला दोन व्होल्टांचा पायंडा पडला. आज काही शे रुपयांत मिळणारा डॅकचा, म्हणजे डिजिटल आकड्यांचा ऑडिओ सिग्नल करणाऱ्या चिपचा, बोर्डही साधारण तेवढेच देतो. पॉवर अँप्लिफायरला बहुधा एक व्होल्ट पुरतो. म्हणजे वाढवायचं असं काही उरतच नाही, उलट आलेलं निम्मं करायचं आहे.

हातोहात फिरणारी व्हॉल्व्हची सर्किटं मात्र वेगळ्या काळातली आहेत. तेव्हा ट्यूनर किंवा टेपमधून पाव-अर्धा व्होल्ट यायचा, रेकॉर्ड प्लेयरच्या मॅग्नेटिक पिकअपमधून तर काही मिलिव्होल्टच. असं सर्किट मिळेल त्याची दहापट करतं. त्याला डॅकचे दोन व्होल्ट दिले की ते वीस व्होल्ट बाहेर काढायला बघतं. मग व्हॉल्यूमचं बटण सुरुवातीच्या थोड्याशा फेऱ्यातच अडकून राहतं, आणि स्टिरिओच्या दुहेरी व्हॉल्यूम कंट्रोलचे दोन भाग नेमके त्याच टप्प्यात एकमेकांशी जुळत नाहीत. मधोमध ऐकू यायला हवा तो गवई डावीकडे सरकतो. लोक अशा वेळी व्हॉल्व्हला दोष देतात आणि महागडे व्हॉल्व्ह बदलत बसतात. उपाय दोन रेझिस्टन्सचा असतो. त्याकडे पुढे येतो.

मग बांधायचाच कशासाठी? माझ्या गिरगावच्या खोलीत गाणं चार ठिकाणांहून येतं: रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर साठवलेलं संगीत, लॅपटॉप, टीव्ही आणि जुना कॅसेट डेक. त्यातलं एक निवडायचं, आवाज कमी-जास्त करायचा आणि लांब केबलमधून न दमता पुढे पोचवायचा, एवढं काम प्रीअँपचं. हे एखादी चिपसुद्धा करते, हे मान्यच आहे. पण १९०६ साली ली डी फॉरेस्टने व्हॉल्व्हमध्ये तिसरी पट्टी घालून जो ट्रायोड बनवला, त्याच्याइतकं उघडं, डोळ्यांना दिसणारं साधन दुसरं नाही. तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन निघतात, प्लेट त्यांना ओढते, आणि मधली ग्रिड नळाच्या तोटीसारखी त्यांना आवरते. मीटर लावला की प्रत्येक ठिकाणचा आकडा कळतो आणि तो कागदावरच्या हिशेबाशी जुळतो. आवाजाबद्दल बोलायचं तर ट्रायोड जी भर घालतो ती मुख्यतः दुसऱ्या हार्मोनिकची, म्हणजे षड्जावर तार षड्जाची. ती कानाला खुपत नाही. मात्र अर्ध्या-एक व्होल्टाच्या कामात ती भर इतकी थोडी असते की व्हॉल्व्हच्या ‘ऊबदार’ आवाजाची जी स्तोत्रं गायली जातात, त्यांतली बरीच मी तरी मानत नाही. चांगल्या प्रीअँपची पहिली कसोटी शांतता. गाणं थांबल्यावर स्पीकरला कान लावला तरी काही ऐकू येऊ नये.

सामान इथे चालत जाऊन मिळतं, हे या भागाचं भाग्य. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरलं की लॅमिंग्टन रोड, पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. रेझिस्टन्स, कंडेन्सर, टॅगस्ट्रिप, नऊ पिनांचे बेस, डॅकचे बोर्ड, सगळं एका रस्त्यावर. वायर, स्विच, फ्यूज यांसाठी लोहार चाळ, हत्यारांसाठी नागदेवी स्ट्रीट. जुन्या रेडिओतून काढलेले व्हॉल्व्ह चोरबाजारात मटण स्ट्रीटला मिळतात. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून फिलिप्सच्या तंत्राने रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले. त्यांचा ‘बीईएल’ शिक्का असलेला व्हॉल्व्ह अजूनही हाताला लागतो. वरच्या बाजूचा चकचकीत चंदेरी डाग बघून घ्यायचा. तो पांढरा पडला असेल तर आत हवा गेली, व्हॉल्व्ह मेला. नवे व्हॉल्व्ह आज स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमधून येतात.

मी निवडला तो १२एयू७, युरोपातल्या नावाने ईसीसी८२. एका काचेत दोन ट्रायोड. त्याचा भाऊ १२एएक्स७ शंभराच्या गुणकाचा आणि जास्त नावाजलेला, पण आपल्या दोन व्होल्टांपुढे त्याचा उपयोग नाही. १२एयू७चा गुणक वीसच्या आत आणि करंट देण्याची ताकद जास्त. दोन चॅनलना दोन नग.

ट्रान्सफॉर्मर मात्र दुकानात तयार मिळत नाही, तो गुंडाळून घ्यावा लागतो. परळ-लालबागला गिरण्या होत्या तेव्हा त्यांच्या मोटारी सतत जळायच्या आणि रिवाइंडिंगचं काम कधी संपायचं नाही. ज्या काकांकडे मी गेलो ते तिथेच हे काम शिकलेले. १९८२च्या गिरणी संपानंतर त्यांनी स्वतःचा गाळा टाकला. पोटमाळ्याखाली हाताने फिरवायचं मशीन, त्यावर फेरे मोजणारा काउंटर, भिंतीला तांब्याच्या तारेची रिळं आणि सगळीकडे वार्निशचा वास.

“एचटी किती?” त्यांनी विचारलं. एचटी म्हणजे व्हॉल्व्हच्या प्लेटसाठी लागणारा उंच व्होल्टेज.

“दोनशे व्होल्ट एसी. आणि फिलामेंटला पंधरा.”

“करंट?”

“एचटीला सतरा मिलिअँपच्या आसपास लागेल.”

“मग पन्नासचा गुंडाळतो. काठावरचा ट्रान्सफॉर्मर तापतो, घूं करतो, आणि मग तुम्ही परत माझ्याच दारात.”

सव्वासहा चौरस सेंटिमीटर छेदाच्या पट्ट्यांना, लोखंडावर एक टेस्लाचा भार धरला तर, एका व्होल्टाला सात फेरे पुरतात. काकांनी आठ घातले. तेवढ्याने लोखंडावरचा भार उतरतो आणि बाहेर सांडणारं चुंबकीय क्षेत्र कमी होतं. नुसत्या प्रायमरीलाच त्यामुळे अठराशेवर फेरे झाले. प्रायमरी आणि सेकंडरीच्या मध्ये त्यांनी तांब्याच्या पातळ पत्र्याचा एक वेढा दिला. मेन्समधून येणारी खरखर तिथेच अडून अर्थला जावी म्हणून. त्या पत्र्याची दोन टोकं एकमेकांवर चढतात, पण मध्ये कागद असतो. ती टेकली तर तो शॉर्ट झालेला एक फेरा होईल आणि ट्रान्सफॉर्मर जळेल. हा कागद काका दोनदा चाचपून बघतात. थरांमधला कागद, वार्निशात बुडवणं, भट्टीत सुकवणं यांत ते घाई करत नाहीत, आणि घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला सरळ दुसरीकडे जायला सांगतात.

आता सर्किट. दोनशे व्होल्ट एसी ब्रिज रेक्टिफायरमधून गेले की पहिल्या कंडेन्सरवर २८० व्होल्टांच्या वर डीसी उभा राहतो. पुढे २.२ किलोओहमचा रेझिस्टन्स आणि आणखी एक कंडेन्सर, म्हणजे २५० व्होल्ट मिळतात आणि लहर बरीच सपाट होते. व्हॉल्व्हचा पहिला अर्धा भाग आवाज वाढवतो: प्लेटला ४७ किलोओहम, कॅथोडला दीड किलोओहम. कॅथोडवर चारएक व्होल्ट आणि प्लेटवर १२०च्या आसपास दिसले की ट्रायोड जागेवर बसला असं समजावं. कॅथोडच्या रेझिस्टन्सला मी कंडेन्सर लावला नाही. त्याने वाढ चौदापटीवरून साडेनऊपटीवर येते आणि आवाज जास्त स्वच्छ होतो. दुसरा अर्धा भाग कॅथोड फॉलोअर. त्याची ग्रिड थेट पहिल्या प्लेटला जोडलेली आणि कॅथोडखाली २२ किलोओहम, दोन वॅटचा. हा भाग वाढवत काहीच नाही, पण केबल आणि पुढचा अँप्लिफायर यांचं ओझं तोच उचलतो.

या फॉलोअरच्या कॅथोडवर १२० व्होल्टांहून थोडे जास्तच असतात आणि त्याच काचेत शेजारी कॅथोड तापवणारं फिलामेंट असतं. फिलामेंट सरळ ग्राउंडला जोडलं तर दोघांतल्या पातळ इन्सुलेशनवर कायमचा ताण राहतो. म्हणून फिलामेंटचा पुरवठा दोन रेझिस्टन्सच्या आधाराने साठेक व्होल्ट वर उचलून ठेवायचा. पंधरा व्होल्ट एसीचा डीसी करून ७८१२ या रेग्युलेटरमधून बारा व्होल्ट काढले आणि ते पिन चार व पाचला दिले. व्हॉल्व्हला १२.६ हवे असतात. बारावर तो नीट चालतो.

खरा वेळ जातो तो ग्राउंडच्या वायरिंगमध्ये. सर्किटमध्ये ग्राउंडची एकच खूण असते, पण चासीत ते शून्य व्होल्ट सगळीकडे सारखे नसतात. ब्रिज पहिल्या कंडेन्सरला भरतो तो करंटच्या झटक्यांनी, सेकंदाला शंभर वेळा. ते झटके ज्या तारेतून परततात, त्याच तारेवर इनपुटचं ग्राउंड जोडलं तर स्पीकरमधून शंभर हर्ट्झची झर्र ऐकू येते. म्हणून ब्रिजपासून पहिल्या कंडेन्सरपर्यंतची वाट स्वतंत्र ठेवायची. तिथून दुसरा कंडेन्सर, मग फॉलोअर, मग पहिला ट्रायोड आणि सर्वांत शेवटी इनपुटचे सॉकेट, अशा क्रमाने ग्राउंड नेऊन चासीला एकाच ठिकाणी बांधायचं. इनपुटचे आरसीए सॉकेट पत्र्याला टेकू द्यायचे नाहीत. झर्र गेली आणि मऊ, खालचा, पन्नास हर्ट्झचा घूं उरला तर तो बहुधा ट्रान्सफॉर्मरचा. स्क्रू ढिले करून ट्रान्सफॉर्मर हळूहळू फिरवत न्यायचा. एका कोनात घूं एकदम खाली बसतो. त्याच कोनात तो आवळायचा. कुठला आवाज कुठून येतो हे कानाने ओळखता येणं, हेच या कामातलं शिक्षण.

डिजिटल साधनं जोडताना हाच प्रश्न खोलीभर पसरतो. टीव्हीला केबलवाल्याची वायर येते आणि तिचं कवच दूर कुठेतरी अर्थ झालेलं असतं. टीव्हीचा ऑडिओ तांब्याच्या तारेने प्रीअँपला जोडला की दोन अर्थमध्ये वळसा तयार होतो आणि घरभर घूं घुमतो. टीव्हीच्या ऑप्टिकल आउटपुटातून छोट्या डॅकमध्ये, तिथून प्रीअँपला, असं जोडलं की तो वळसा तुटतो. काचेच्या-प्लास्टिकच्या धाग्यातून प्रकाश जातो, करंट जात नाही. लॅपटॉपचा दोन पिनांचा अडॅप्टर वेगळा त्रास देतो. त्याच्या आतल्या लहान कंडेन्सरमुळे लॅपटॉपचा पत्रा मेन्सच्या निम्म्या व्होल्टेजवर तरंगतो आणि बोटाला झिणझिण्या येतात. म्हणून केबल लावताना सगळी साधनं बंद हवीत.

रास्पबेरी पाय आणि त्याचा पीसीएम५१०२ चिपचा डॅक मी वेगळ्या डब्यात ठेवले. पायमधून डॅककडे क्लॉक, डावा-उजवा ठरवणारी तार आणि डेटा अशा तीन वाटा जातात. त्या चार बोटांहून लांब नसाव्यात. डॅकचे दोन व्होल्ट येतात त्या सॉकेटमागेच ते दोन रेझिस्टन्स बसतात: दहा किलोओहम सरळ रेषेत आणि ३.३ किलोओहम ग्राउंडला. दोनाचे साधारण अर्धा व्होल्ट होतात. व्हॉल्यूमचं बटण मधोमध येतं, दोन्ही बाजू समान वाजतात आणि गवई जागेवर येऊन बसतो. कॅसेट डेकच्या सॉकेटला हे रेझिस्टन्स नाहीत, त्याला लागतही नाहीत.

पहिल्यांदा चालू करताना व्हॉल्व्ह न बसवता व्होल्टेज तपासायचे, मग व्हॉल्व्ह बसवून पुन्हा. फॉलोअर तापताना आउटपुटचा कंडेन्सर शंभरावर व्होल्टांनी भरतो आणि त्याचा धक्का पुढे स्पीकरपर्यंत जातो. म्हणून प्रीअँप आधी, पॉवर अँप्लिफायर नंतर, आणि बंद करताना उलट क्रम. मी आउटपुटवर रिलेही लावला आहे, तो व्हॉल्व्ह तापल्यावरच वाट उघडतो. चाळीच्या लाकडी जमिनीवर कुणी धावलं की काचेतल्या पट्ट्या थरथरतात आणि स्पीकरमध्ये टण्ण वाजतं. चासीखाली रबराचे जाड पाय लावल्यावर ते थांबलं.

पहिली परीक्षा हिराबाई बडोदेकरांच्या जुन्या तबकडीच्या डिजिटल प्रतीने घेतली. तबकडीची खरखर, तिच्यामागे तंबोरा, आणि त्यावर तो किराणा घराण्याचा स्वच्छ आवाज. खरखर तबकडीचीच होती. गाणं थांबवलं की मागे काही उरत नव्हतं. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या मंडळींनी जपलेल्या तबकड्या आता संगणकात उतरत आहेत. ते ऐकायला घरातलं यंत्र शांत असणं ही त्या गाण्याला दिलेली साधी दाद आहे.

ज्यांना हे करावंसं वाटतं त्यांना तीन गोष्टी सांगतो. जुन्या चाळींत सॉकेटच्या तिसऱ्या भोकामागे अर्थ असेलच असं नाही. आधी वायरमनकडून तो तपासून घ्या, कारण २८० व्होल्टांचा धातूचा डबा अर्थशिवाय घरात ठेवायचा नाही. बंद केल्यावरही कंडेन्सर भरलेले असतात. त्यांवर रेझिस्टन्स कायमचा बसवा, मीटरवर दहा व्होल्टांच्या खाली उतरल्याचं बघा आणि मगच हात घाला. आणि ट्रान्सफॉर्मर तयार शोधत बसू नका. परळ-लालबागच्या ज्या गाळ्यांवर अजून टॉवर उभे राहिलेले नाहीत, तिथे हाताने गुंडाळणारे कारागीर आहेत. कागदावर व्होल्ट, मिलिअँप आणि चासीचं माप लिहून न्या, मध्ये तांब्याचा पत्रा हवा हे सांगा, आणि ते मागतील तेवढे दिवस त्यांना द्या.