ओहोटीच्या वेळी नरारा

द्वारका-सोमनाथच्या यात्रेस निघालेली कित्येक मराठी कुटुंबे आणि रजा-प्रवास सवलतीवर सौराष्ट्र पाहावयास जाणारे कर्मचारी जामनगरचा मुक्काम करून पुढे सरकतात. या जामनगरपासून सुमारे ६० किलोमीटरवर, वाडीनारजवळ नरारा नावाचे एक ठिकाण आहे. सहा वर्षांचे मूल आणि साठी उलटलेली आजी, दोघांनाही समुद्राच्या तळावरून चालत जाऊन जिवंत प्रवाळ पाहता येतील अशी ही जागा आहे. भारतात मोठी प्रवाळक्षेत्रे चारच : लक्षद्वीप, अंदमान-निकोबार, मन्नारचे आखात आणि कच्छचे आखात. यांपैकी बहुतेक ठिकाणी प्रवाळ पाहायचे तर बोट हवी, नाहीतर पाण्यात बुडी मारण्याची तयारी हवी. नराराला यातले काहीच लागत नाही. लागते ती फक्त योग्य वेळ.

नरारा हा कच्छच्या आखातातील सागरी राष्ट्रीय उद्यानाचा भाग होय. १९८० साली येथे अभयारण्य घोषित झाले आणि १९८२ साली त्यातील सुमारे १६३ चौरस किलोमीटर क्षेत्रास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. सागरी जीवनासाठी राखलेले हे देशातील पहिले राष्ट्रीय उद्यान. त्यातील पिरोटनसारख्या बेटांवर जावयाचे तर बोटीची व्यवस्था करावी लागते. नरारा मात्र मुख्य भूमीलाच लागून असल्याने मोटार थेट वनखात्याच्या नाक्यापर्यंत जाते. तेथे ओळखपत्र दाखवून, शुल्क भरून परवानगी घ्यावी आणि वाटाड्या सोबत घ्यावा. वाटाड्याचे पैसे वाचविण्याचा मोह येथे अजिबात धरू नये.

कच्छचे आखात पश्चिमेस रुंद आणि पूर्वेस निमुळते होत गेले आहे. भरतीचे पाणी या नरसाळ्यात शिरले की आत जाता जाता त्याची उंची वाढते आणि ओहोटीस तितकेच पाणी मागे हटते. किनारा अत्यंत सपाट असल्यामुळे पाणी काही मीटर उतरले तरी मैलभर तळ उघडा पडतो. सुमारे सव्वासहा तासांनी भरतीची ओहोटी होते आणि दर दिवशी ही वेळ साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते. म्हणूनच काल सकाळी नऊ वाजता ज्या जागी लोक चालत होते, तेथे आठवड्यानंतर त्याच वेळी पुरुषभर पाणी असू शकते.

कोकणातील मंडळींना तिथीचा ठोकताळा ठाऊक असतोच. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. तृतीयेस सव्वादोनला भरती, म्हणजे साडेआठच्या सुमारास ओहोटीचा तळ. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाणी अधिक दूर हटते, तर अष्टमीच्या सुमारास, ज्याला कोळी बांधव भांग म्हणतात, ते फारसे हटत नाही. कच्छच्या आखातात हा हिशेब तंतोतंत जुळत नाही. परंतु दिवस निवडण्यास तो पुरेसा आहे. पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरचे तीन-चार दिवस सोयीचे, कारण ओहोटीही मोठी आणि तीही सकाळच्या उजेडात. नेमकी वेळ मात्र वनखात्याकडून आदल्या दिवशी विचारून घ्यावी. हिवाळ्याचे महिने सर्वांत उत्तम.

ओहोटीचा तळ गाठण्यापूर्वी दीड-दोन तास आधी चालावयास सुरुवात करावी आणि पाणी स्थिर झाले की परत फिरावे. भरती समोरून लाटांनी येईल अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात ती पाठीमागच्या खोलगट चरांतून गुपचूप भरत येते. वाटाड्याने ‘चला’ म्हटले की छायाचित्र अर्धवट ठेवूनही निघावे. देय तारखेनंतर सवलतीचे दिवस देण्याची पद्धत समुद्राकडे नाही!

वाटेत चढण नाही, पायऱ्या नाहीत. आधी तिवरांची झाडी लागते. तिला तिकडे चेर म्हणतात. चिखलातून वर आलेली तिची बोटभर श्वसनमुळे मुलांना हमखास थांबवितात. पुढे घोट्यापर्यंत, क्वचित गुडघ्यापर्यंत पाणी. दगडांखाली खेकडे, शंखात घर केलेले खेकडे, समुद्रकाकड्या, तारामासे आणि गालिच्यासारखी पसरलेली समुद्रफुले दिसतात. नशीब चांगले असेल तर रंग बदलत कपारीत शिरणारा ऑक्टोपसही दिसतो. केंड मासा घाबरला की पाणी गिळून चेंडूसारखा फुगतो. तो फुगविलेला पाहावा म्हणून वाटाड्याकडे हट्ट धरणारे पर्यटक असतात. मुलांना त्यात गंमत वाटते हे खरे, पण माशासाठी तो जिवावरचा प्रसंग आहे. पाण्यात आहे तसाच पाहावा.

प्रवाळ पाहताना प्रथम थोडी निराशा होण्याचा संभव आहे. अंगठीतले लाल पोवळे ते हे नव्हे. ते भूमध्य समुद्रातील निराळ्या जातीचे. येथील प्रवाळ तपकिरी, पिवळसर, हिरवट, काही मेंदूच्या वळ्यांसारखे. जवळून पाहिले म्हणजे कळते की तो दगड नसून सूक्ष्म जीवांची वसाहत आहे. त्यांच्या शरीरात राहणारे शैवाल सूर्यप्रकाशात अन्न तयार करते, त्यावर हे जीव जगतात आणि चुन्याचे घर बांधीत जातात. गोलाकार प्रवाळ वर्षाकाठी एखादा सेंटिमीटर, बहुधा त्याहूनही कमी वाढतो. फुटबॉलएवढा गोळा म्हणजे दहा-वीस वर्षांची आवर्ती ठेव समजावी; आणि ती मोडण्यास एका बुटाची टाच पुरते.

नराराची खरी अडचण हीच आहे. बोटीतून किंवा बुडी मारून पाहिलेला प्रवाळ माणसाच्या पायाखाली येत नाही. येथे मात्र प्रत्येक पाहुणा चालतच येतो. म्हणून वाळूच्या पट्ट्यांवरूनच, वाटाड्याच्या मागोमाग, एका रांगेत चालावे. मुलांचा हात धरावा. काठी घेतली तर ती वाळूत टेकावी. चप्पल किंवा सँडल नको, तळवा निसटतो आणि प्रवाळाची कड चांगलीच कापते. जुने, बंद, लेसचे बूट घालावेत. प्रवाळाचा तुकडा, मेलेला असला तरी, आठवण म्हणून उचलू नये. २००१ साली प्रवाळांचा समावेश वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत झाला. याच अनुसूचीत वाघही आहे.

सोबत पिण्याचे पाणी, टोपी व बदलण्याचे कपडे असावेत. सकाळची ओहोटी साधली तर दुपारपर्यंत खंभाळियात भोजन आटोपते आणि द्वारकेच्या सायंआरतीला सहज पोहोचता येते.