पाटी वाचली, पण घरात कोण?

प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांची गाडी एका वळणावर हमखास पंक्चर होते: डेटाच्या आत डेटा. साधी लिस्ट असेपर्यंत लूप मस्त पळतो. डिक्शनरीत लिस्ट आली, की डोक्याचं दही!

परवा आमच्या ऑफिसातला एक ज्युनियर रडकुंडीला आला होता. अकाउंट्समधून पायथनकडे वळलेला, अजून प्रोबेशनवर. "ताई, मला नाही जमणार हे. जातो परत व्हाउचर्स तपासायला." काम तसं सोपं होतं, दोन टीम्सचा टॅक्सीखर्च मोजायचा. सेल्सची तीन बिलं: ४००, २५० आणि ३५० रुपये. अकाउंट्सची दोन: ३०० आणि २००. टीमचं नाव ही 'की', बिलांची लिस्ट ही 'व्हॅल्यू'. त्याने लूपमध्ये लूप टाकला, तर स्क्रीनवर रकमांऐवजी एस, ए, एल, ई, एस अशी अक्षरं एकाखाली एक!

इथे अक्कल कमी पडत नाही, मंडळी. पायथनमध्ये डिक्शनरीवर थेट लूप फिरवला, की फक्त कीज मिळतात. म्हणजे सोसायटीत दारोदार फिरून नुसत्या पाट्या वाचल्या, घरातलं कुणी भेटलंच नाही. मग आतला लूप पाटीवरचीच अक्षरं मोजत बसतो. पाटी आणि घर दोन्ही हवंय? 'आयटम्स' वापरा. फक्त घर हवंय? 'व्हॅल्यूज'.

माझा फंडा एकच: एक लूप एकच थर उघडतो. म्हणून पुढचा लूप लिहिण्याआधी स्वतःला विचारा, 'आत्ता माझ्या हातात काय आहे?' खात्री नसेल तर 'टाइप' प्रिंट करून बघा. आमच्या ज्युनियरने बघितलं, उत्तर आलं 'स्ट्रिंग', आणि त्याची ट्यूब पेटली.

आता खरा छुपा रुस्तम. बेरीज शून्य करणारी ओळ बाहेरच्या लूपच्या आत गेली, तर प्रत्येक टीमला हिशेब नव्याने सुरू होतो. शेवटी १,५०० ऐवजी ५०० दिसतात, आणि एररही येत नाही! असा रिपोर्ट बिनबोभाट पुढे जातो आणि कुणाच्या तरी खिशाला चाट बसते. एकूण बेरीज हवी असेल, तर शून्य दोन्ही लूप्सच्या आधी. टीमवार हवी असेल, तर आतला लूप सुरू होण्याच्या जरा आधी.

तेव्हा हजार बिलांवर कोड सोडण्याआधी पाचच घ्या. बेरीज कागदावर करा, स्क्रीनशी ताडून बघा. जुळली तरच पुढे, बॉस!