बैलगाडी म्हणजे आठ मोटारी!

मुलांनो, रस्त्याच्या कडेला टेबल-खुर्ची टाकून बसलेली आणि गाडी गेली की कागदावर रेघ ओढणारी माणसं तुम्ही कधी पाहिलीत का? आमच्या शाळेजवळच्या फाट्यावर एकदा अशी दोन माणसं येऊन बसली. मुलं सकाळी आली तेव्हा ती तिथंच, शाळा सुटली तेव्हाही तिथंच. रात्री त्यांच्या जागी दुसरे दोघे आले. दुसऱ्या दिवशी वर्गात एकच गलका, "बाई, त्यांना दुसरं काही काम नाही का हो?"

मलाही कुतूहल होतंच. मधल्या सुट्टीत चौथीच्या वर्गाची रांग करून फाट्यावर गेले. ती मंडळी रहदारीची मोजणी करत होती. त्यातल्या काकांनी हौसेनं कागद दाखवला. मोटार, ट्रक, एस.टी., मोटारसायकल, सायकल, बैलगाडी, प्रत्येकाचा वेगळा रकाना. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. "अय्या, हे तर आम्ही पहिलीत शिकलो!" एक मुलगी म्हणाली.

पहिलीतलं हे गणित पुढं सरकारी वाहतूक नियोजकाच्या टेबलावर जातं. नियोजक म्हणजे आधीच विचार करून ठेवणारा. रस्ता कुठून न्यायचा, किती रुंद करायचा, पूल कुठं बांधायचा, हे तो ठरवून देतो. त्याआधी त्याला आजच्या रस्त्यावर काय चाललंय ते नीट कळायला हवं. म्हणून ही मोजणी सलग सात दिवस, रात्रंदिवस चालते. एकच दिवस मोजलं आणि तो नेमका बाजाराचा दिवस निघाला, तर हिशेब चुकणारच! वर्षातून निदान दोनदा मोजायचं असतं. एकदा सुगीच्या धामधुमीत आणि एकदा रहदारी कमी असते तेव्हा.

आता गंमत ऐका. मोजून झालं की नुसती बेरीज करत नाहीत. रस्त्यांची मापं ठरवणारी 'इंडियन रोड्स काँग्रेस' नावाची संस्था १९३४ साली स्थापन झाली. तिनं १९९० साली खेड्यापाड्यांतल्या रस्त्यांसाठी जी मापं दिली, त्यांत एक मोटार म्हणजे १, सायकल किंवा मोटारसायकल म्हणजे अर्धा, ट्रक किंवा बस म्हणजे ३ आणि मोठी बैलगाडी म्हणजे चक्क ८! बैलगाडी आठ मोटारींएवढी मोठी असते का? मुळीच नाही. पण ती सावकाश चालते, मागच्या गाड्या खोळंबतात. कोण किती जागा घेतं आणि किती वेळ घेतं, दोन्हींचा विचार केलेला असतो.

चला, करा बघू गणित. तासाभरात ४ सायकली, ६ मोटारसायकली, ३ मोटारी, २ एस.टी. आणि १ बैलगाडी गेली. वाहनं झाली १६. पण नियोजकाच्या हिशेबानं २ + ३ + ३ + ६ + ८, म्हणजे २२.

कधी कधी ही मंडळी गाड्या थांबवून विचारतात, "कुठून आलात? कुठं निघालात? गाडीत काय आहे?" काही चालक वैतागतात. पण त्या उत्तरांतूनच कळतं, की गावातून जाणारे ट्रक गावात यायला आलेत, की नुसतेच पलीकडं जायला. पलीकडंच जाणारे जास्त असतील, तर गावाबाहेरून वळणरस्ता काढायचा.

आणि रस्ता नुसता आजच्यापुरता आखायचा नसतो. आई वाढत्या अंगाचा गणवेश शिवून घेते ना, तसंच. पंधरा-वीस वर्षांनी गाड्या किती होतील याचा अंदाज घ्यायचा. फार घट्ट शिवला तर उसवतो, फार ढगळ शिवला तर कापड वाया जातं. इथं कापड म्हणजे तुमच्या-माझ्या आईबाबांनी भरलेल्या कराचा पैसा आणि शेतकऱ्याची जमीन.

हे सगळं ऐकून आम्ही परत निघालो, तेवढ्यात ओढ्यापलीकडच्या वस्तीवरून येणारी एक मुलगी पुढं झाली. "काका, आमच्याकडून एकही गाडी येत नाही. तिथं रस्ताच नाही. मग आम्हाला कुठल्या रकान्यात घालणार?"

काका क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "पोरी, ह्या कागदात तो रकाना नाही."

मुलांनो, त्या रात्री मला झोप लागेना. गाड्या आहेत तिथंच रस्ता करायचा, आणि रस्ता नाही म्हणून गाड्या नाहीत! मग वस्तीवर रस्ता जाणार तरी कधी?

पुस्तकं धुंडाळली, तेव्हा कळलं की हा प्रश्न फार जुना आहे. १९२७ साली बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली देशातल्या रस्त्यांचा विचार करायला एक समिती नेमली गेली. पेट्रोलवर जादा कर घेऊन तो रस्त्यांसाठी वेगळा ठेवा, असं तिनं सुचवलं, आणि १९२९ साली मध्यवर्ती रस्ते निधी सुरू झाला. पुढं डिसेंबर १९४३ मध्ये आपल्या नागपुरात देशभरातले मुख्य अभियंते जमले. त्यांनी वीस वर्षांची योजना आखली. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा रस्ते, ग्रामरस्ते ही उतरंड तिथंच ठरली. पण मला सगळ्यांत आवडली ती वेगळीच गोष्ट. चांगली शेती असलेल्या भागातलं कुठलंही खेडं मोठ्या रस्त्यापासून पाच मैलांहून, म्हणजे सुमारे आठ किलोमीटरहून, लांब राहू नये, असं त्यांनी ठरवलं. म्हणजे त्यांनी गाड्यांबरोबर गावंही मोजली!

२५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत तर माणसं मोजली. सपाट प्रदेशातल्या ५०० किंवा अधिक लोकसंख्येच्या, आणि डोंगराळ व आदिवासी भागांतल्या २५० किंवा अधिक लोकसंख्येच्या वस्त्यांना बारमाही रस्ता द्यायचं ठरलं. नारिंगी माथ्याचा मैलाचा दगड दिसला, तर तो अशा ग्रामरस्त्याचा. पिवळा माथा राष्ट्रीय महामार्गाचा, हिरवा राज्य महामार्गाचा.

पण आमची वस्ती त्याहूनही लहान. मग आम्हीच एक रकाना आखला. हजेरीपट उघडला. मागच्या पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं म्हणून वस्तीवरची ७ मुलं ११ दिवस शाळेत येऊ शकली नव्हती. ७ गुणिले ११, म्हणजे ७७ गैरहजेऱ्या! मुलांनी सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला. ग्रामसभेत तो त्याच मुलीनं वाचला, न अडखळता. टाळ्या पडल्या, ठराव झाला. साकव अजून व्हायचाय. पण कागदावर आता ७७ हा आकडा आहे, आणि आकडा असला की "बघू" म्हणून टाळणं अवघड जातं.

तुम्हीही करून बघा. येत्या रविवारी आईबाबांना सोबत घेऊन, ओट्यावर नाहीतर कुंपणाच्या आत बसून, तासभर रहदारी मोजा. रस्त्यावर मात्र उतरायचं नाही हं! आणि तुमच्या कागदावर एक रकाना जास्तीचा ठेवा: 'पायी चालणारे'. मग त्यांतल्या एखाद्याला विचारा, "तुम्ही कुठून आलात?"