फॉस्फेट काढणाऱ्या प्रथिनांनाही लगाम असतो

पेशीत संकेत पुढे नेताना कायनेज इतर प्रथिनांवर फॉस्फेट बसवतात आणि फॉस्फेटेज ते काढतात. या प्रक्रियेच्या शोधासाठी एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांना १९९२चे नोबेल मिळाले. तरीही फॉस्फेटेजची बोळवण बहुधा एका वाक्यात होते आणि त्यातून गैरसमज रुजतात.

गैरसमज : फॉस्फेटेज सतत चालू असतात, नियंत्रण असते ते फक्त कायनेजवर.
वस्तुस्थिती : एसएचपी-२ हे फॉस्फेटेज एरवी बंदच असते. त्याचाच एक भाग क्रियास्थळावर झाकणासारखा बसलेला असतो. वाढीचा संकेत आला की कायनेज इतर प्रथिनांतील टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट बसवतात. झाकणाचा भाग त्या फॉस्फेटला जाऊन चिकटतो आणि क्रियास्थळ मोकळे होते. म्हणजे या फॉस्फेटेजला जागे करते ते कायनेजचेच काम.

गैरसमज : फॉस्फेटेज मोजकीच असल्याने समोर येईल ते फॉस्फेट काढतात.
वस्तुस्थिती : माणसात पाचशेहून अधिक कायनेज आहेत आणि त्यांतली बहुतेक सेरीन व थ्रिओनिन या अमिनो आम्लांवर फॉस्फेट बसवतात. ते काढणारी फॉस्फेटेज त्या मानाने खूपच कमी आहेत. पण ती एकेकटी हिंडत नाहीत. पीपी-१ या एकाच फॉस्फेटेजला सुमारे २०० जोडीदार प्रथिने लाभली आहेत. पेशीत कुठे जायचे आणि कोणाचे फॉस्फेट काढायचे, हे सोबतच्या जोडीदारावर ठरते.

गैरसमज : हायड्रोजन पेरॉक्साइड पेशीचे नुकसानच करते.
वस्तुस्थिती : इन्सुलिन पेशीवर पोहोचले की आत थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. पीटीपी-१बी हे फॉस्फेटेज इन्सुलिनचा संकेत मिटवत असते. त्याच्या क्रियास्थळातील सिस्टीनचे या पेरॉक्साइडमुळे ऑक्सिडीकरण होते, ते तात्पुरते बंद पडते आणि संकेताला वेळ मिळतो. नंतर पेशी ते सिस्टीन पूर्ववत करते.

गैरसमज : फॉस्फेट काढले की संकेत थांबतो.
वस्तुस्थिती : टी-पेशीत कॅल्शियम वाढले की कॅल्सिन्यूरिन हे फॉस्फेटेज सक्रिय होते. ते एनफॅट या प्रथिनावरचे फॉस्फेट काढते. मगच एनफॅट केंद्रकात शिरून प्रतिकारासाठी लागणारी जनुके चालू करते. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर दिली जाणारी सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस ही औषधे कॅल्सिन्यूरिनलाच रोखतात, म्हणून शरीर नवा अवयव नाकारत नाही.

हा लगाम सुटला तर काय होते, हेही एसएचपी-२ दाखवते. त्याच्या जनुकातील काही बदलांमुळे झाकण नीट बसत नाही. जन्मजात बदलामुळे नूनन सिंड्रोम होतो. नंतर रक्तपेशींत घडलेला बदल लहान मुलांत एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगाला कारण ठरतो. म्हणून आजाराचे मूळ शोधताना फॉस्फेट कोण बसवते याइतकेच, ते काढणाऱ्याला कोण आवरते, हेही विचारायला हवे.