वत्सगुल्माच्या मूळपुरुषाचा पिता कोण?

आपल्या कुळातील जो पुरुष प्रथम परगावाहून येऊन आपल्या गावी स्थायिक झाला, त्याचे नाव बहुधा घरोघर ठाऊक असते. परंतु त्याच्या बापाचे नाव विचारले असता वडीलधारी मंडळीही क्षणभर थबकतात. हा अनुभव केवळ आपल्याकडचाच नव्हे. ब्रिटिश अमलात जे लोक दूरच्या वसाहतींत जाऊन राहिले, त्यांच्या वंशजांना हेच कोडे पडते. १८३४ सालापासून करारावर मजुरीसाठी मॉरिशस बेटात जे सहस्रावधी लोक गेले, त्यांत आपले मराठी लोकही होते. त्यांचे पणतू आज जुन्या नोंदवह्या धुंडाळतात, तेव्हा परभाषी कारकुनाच्या कानास जसे लागले तसे लिहिलेले पित्याचे नाव त्यांच्या हाती येते, आणि ते कोणत्या मराठी नावाचे रूप असावे याचा तर्क करीत बसावे लागते.

असाच एक मूळपुरुष आपल्या वाशीमचाही आहे. तो सामान्य गृहस्थ नसून राजा होता, आणि सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीचा होता, एवढाच भेद. त्याच्या पित्याचा शोध कसा लागला, ही हकीकत प्रस्तुत लेखात सांगावयाची आहे.

वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वत्स ऋषींनी येथे तप केले म्हणून हे नाव पडले, अशी स्थानिक कथा आहे. एका जुन्या संस्कृत टीकेत मात्र वत्स आणि गुल्म या दोन राजपुत्रांच्या वस्तीवरून ते पडल्याचे सांगितले आहे. दोन्ही कथा गोड आहेत, परंतु राजवंशाचा उलगडा करण्यास त्यांचा उपयोग नाही. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकापासून पाचव्या शतकाच्या अखेरीपर्यंत विदर्भात वाकाटक घराण्याचे राज्य होते. विंध्यशक्ती हा त्याचा संस्थापक व त्याचा पुत्र पहिला प्रवरसेन. या प्रवरसेनाने चार अश्वमेध केले व सम्राट ही पदवी धारण केली. एलिचपुराजवळील चम्मक व अन्य ठिकाणी सापडलेल्या ताम्रपटांवरून त्याच्या पुढील वंश असा कळला होता: प्रवरसेनाचा पुत्र गौतमीपुत्र, त्याचा पुत्र रुद्रसेन, त्याचा पृथिवीषेण, त्याचा दुसरा रुद्रसेन, आणि या दुसऱ्या रुद्रसेनास गुप्तसम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता हिच्यापासून झालेला पुत्र दुसरा प्रवरसेन. ही नंदिवर्धनची, म्हणजे नागपूर प्रांताकडील शाखा होय.

दुसरी वंशावळी अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्याबाहेरील भिंतीवर कोरलेली आहे. हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने ते लेणे बौद्ध भिक्षूंस अर्पण केले व आपल्या धन्याच्या पूर्वजांची नावे श्लोकबद्ध करून तेथे खोदविली. दुर्दैवाने हा लेख पुष्कळ झिजला आहे. डॉ. भाऊ दाजी, पंडित भगवानलाल इंद्रजी व जर्मन पंडित ब्यूलर अशा थोर विद्वानांनी त्यावर परिश्रम केले. ब्यूलरचे वाचन १८८३ साली प्रसिद्ध झाले. प्रवरसेनाच्या मागून येणाऱ्या राजाचे पुसट नाव त्यात ‘रुद्रसेन’ असे, व त्याच्या मागून येणाऱ्याचे ‘पृथिवीषेण’ असे लावण्यात आले.

ही चूक कशी झाली हे समजणे कठीण नाही. टपालाने आलेल्या पत्रावरचे पुसट नाव ओळखीच्याच माणसाचे आहे असे आपणांस वाटते. तद्वत ताम्रपटांतून परिचित झालेली नावे भिंतीवरील ‘सेन’ या अक्षरांस सहज चिकटली. परंतु परिणाम मोठा झाला. दोन चुलत घराणी मिळून एक घराणे बनले. पुढील प्रवरसेन हा प्रभावतीगुप्तेचाच पुत्र ठरला, आणि देवसेन व हरिषेण हे त्याचे वंशज मानले गेले. म्हणजे अजिंठ्याची उत्कृष्ट लेणी ज्याच्या काळात खोदली गेली, तो राजा वाशीमचा असूनही इतिहासाने त्यास नंदिवर्धनच्या घरात दत्तक दिले, आणि वाशीमचे नाव राजवंशाच्या कोष्टकातून नाहीसे झाले!

छप्पन्न वर्षे हे असेच चालले. मग १९३९ साली वाशीम येथील पंडित वासुदेवशास्त्री धनागरे यांना चार ताम्रपट मिळाले. त्या वेळी वाशीम हे अकोला जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण होते. डॉ. य. खु. देशपांडे व श्री. महाजन यांनी त्याच वर्षी ते विद्वानांच्या नजरेस आणले. दानपत्र वत्सगुल्माहून दिलेले, राजा विंध्यशक्ती, राज्यवर्ष ३७, दान मिळालेले गाव नांदेडच्या उत्तरेकडील विभागातील, आणि दान घेणारे अथर्ववेदी ब्राह्मण. लेखाचा वंशवर्णनाचा भाग संस्कृतात असून पुढील व्यवहाराचा भाग प्राकृतात आहे. अशी दोन भाषांची सरमिसळ पाहून विद्यार्थ्यांस नवल वाटेल, परंतु आजही निमंत्रणपत्रिकेचा मथळा संस्कृतात व पत्ता मराठीत असतोच की!

या पत्र्यावर विंध्यशक्तीने स्वतःची ओळख स्पष्ट दिली आहे: सम्राट प्रवरसेनाचा नातू आणि धर्ममहाराज सर्वसेनाचा पुत्र. सर्वसेन! हे नाव पूर्वीच्या कोणत्याही कोष्टकात नव्हते.

नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हा धागा पकडून अजिंठ्याचा लेख पुन्हा तपासला व १९४१ साली नवे वाचन प्रसिद्ध केले. जेथे रुद्रसेन वाचले गेले होते तेथे सर्वसेन, आणि जेथे पृथिवीषेण वाचले गेले होते तेथे विंध्यसेन, म्हणजेच ताम्रपटातील विंध्यशक्ती, असे त्यांनी दाखविले. सर्वसेन हा प्रवरसेनाचा पुत्र व गौतमीपुत्राचा भाऊ, आणि त्याच्यापासून वत्सगुल्माची स्वतंत्र शाखा चालली, हे येणेप्रमाणे सिद्ध झाले.

येथे कोणी शंका घेईल की, एका पत्र्यावर एवढा विश्वास का ठेवावा? शंका रास्त आहे, कारण बनावट ताम्रपटही पुष्कळ सापडतात. परंतु येथे दोन साक्षीदार आहेत. एक वाशीमचा पत्रा, प्रत्यक्ष पुत्राच्या राजवटीतला; दुसरा अजिंठ्याचा खडक, त्यानंतर तीन-चार पिढ्यांनी कोरलेला. दोघांचे स्थळ निराळे, हेतू निराळे, धर्मही निराळे, तरी साक्ष एक. तिसरी साक्ष पुराणांची. प्रवीराचे, म्हणजे प्रवरसेनाचे, चार पुत्र राजे होतील असे त्यांत सांगितले आहे. नंदिवर्धनची एकच शाखा ठाऊक होती तोवर हे वचन अतिशयोक्तीचे वाटत असे. सर्वसेन सापडल्यावर त्यास वजन आले. वंशावळ्यांची पडताळणी नाजूक असते हे शुभवर्तमान वाचणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांस नव्याने सांगावयास नकोच. मत्तयाने योसेफाचा पिता याकोब सांगितला आहे, तर लूकाने एली. आणि या भेदावर विद्वान आज कित्येक शतके विचार करीत आले आहेत.

सर्वसेनाचा पिता निश्चित होताच आणखी एक लाभ झाला. ‘हरिविजय’ नावाच्या प्राकृत काव्याचा उल्लेख आनंदवर्धनासारख्या साहित्यशास्त्रज्ञांनी केला आहे, आणि त्याचा कर्ता सर्वसेन असे म्हटले आहे. श्रीकृष्णाने स्वर्गातून पारिजातक आणल्याची कथा त्यात होती. काव्य लुप्त झाले असून इतरांनी उद्धृत केलेल्या अवतरणांतूनच ते ज्ञात आहे. हा कवी राजा होता असे ज्ञात होते, पण तो कोठला राजा याचा मेळ आता वाशीमशी बसला. राजशेखराने वत्सगुल्म नगराचे साहित्याच्या संदर्भात जे कौतुक केले आहे, ते ज्या गावाचा मूळपुरुषच कवी होता त्या गावास शोभते.

पुढे वाशीमजवळील हिस्से बोराळा येथे देवसेनाच्या काळचा शिलालेख मिळाला. त्यात शक ३८० हे वर्ष, म्हणजे इसवी सन ४५७-५८, आणि ‘सुदर्शन’ नावाच्या तलावाचा उल्लेख आहे. वाकाटकांचे बहुतेक लेख राज्यवर्षांतच दिलेले असल्यामुळे ही एक शकाची तारीख सोन्याच्या मोलाची ठरली, व सर्वसेनाचा काळ चौथ्या शतकाच्या पूर्वार्धात धरण्यास आधार मिळाला.

सर्वसेनाची माता कोण, हे मात्र पत्र्यावर लिहिलेले नाही. आणि पुराणांनी सांगितलेल्या चार भावांपैकी दोघांची नावेही आजवर कोणत्या लेखात आढळलेली नाहीत. आपल्या जिल्ह्यात जुनी घरे पाडताना, विहिरी व शेते खणताना अजूनही पत्रे व नाणी निघतात. असा अक्षरे कोरलेला पत्रा कोणास मिळाल्यास तो तांबटाकडे नेऊ नये, चिंचेने घासूनही काढू नये. मिळाल्या स्थितीत शिक्षकांस दाखवून त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत द्यावी. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याचीही तशीच आज्ञा आहे.