जुने पिस्तूल : घ्यावे की न घ्यावे?

श्रोतेहो, जुनी वस्तू विकत घेण्यात आपल्या मध्यमवर्गाने कधी कमीपणा मानलेला नाही. जुनी सायकल, जुने शिवणयंत्र, जुनी बाजाची पेटी ह्यांचे व्यवहार आपण आनंदाने करतो. थोडी पारख, थोडी घासाघीस आणि एखाद्या जाणत्या मित्राची साक्ष एवढी सामग्री त्याला पुरते. परंतु दुसऱ्याने वापरलेले पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर घेताना ही सामग्री पुरत नाही. ती का पुरत नाही आणि तिच्या जोडीला आणखी काय लागते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

पुष्कळांना हा विषय दूरचा वाटेल. तथापि ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे अशा पूर्वीच्या संस्थानी शहरांतील काही घरांत आजोबा-पणजोबांच्या काळचे शस्त्र कपाटात असते आणि वारसांना ते नकोसे झालेले असते. दुसरीकडे मळ्यावर एकटे घर असलेला शेतकरी किंवा रात्री पेढी बंद करून रोकड घरी नेणारा व्यापारी अशा शस्त्राच्या शोधात असतो. एकाला विकावयाचे असते, दुसऱ्याला घ्यावयाचे असते. हा व्यवहार कायद्याला मान्य आहे, परंतु त्याचा मार्ग कायद्याने आखून दिलेला आहे. आपण तो क्रमाने पाहू.

प्रथम परवाना. आपल्याकडील शस्त्रांचा कायदा १९५९ सालचा असून तो १९६२ च्या ऑक्टोबरपासून अमलात आला. त्यापूर्वी १८७८ चा इंग्रजी अमदानीतील कायदा चालत असे. सध्याचे तपशीलवार नियम २०१६ सालचे आहेत. हा कायदा केंद्राचा असल्यामुळे बेळगाव असो, पणजी असो की ग्वाल्हेर असो, मूळ बंधने सर्वत्र सारखीच आहेत. अर्ज मात्र आपापल्या जिल्हादंडाधिकाऱ्याकडे आणि हैदराबाद-बडोद्यासारख्या शहरांत पोलीस आयुक्ताकडे करावा लागतो. अर्जदाराचे वय निदान २१ वर्षे असले पाहिजे. पोलिसांचा अहवाल मागविला जातो आणि शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे शिक्षण घेतल्याचा दाखलाही लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकास दोनच बंदुका बाळगता येतात, पूर्वी तीन चालत असत. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली.

हे सारे आधी सांगण्याचे कारण असे की, कित्येक जण शस्त्र आधी पसंत करतात, विसार देऊन मोकळे होतात आणि मग परवान्याच्या मागे लागतात. क्रम उलटा असावयास हवा. परवाना हाती नसता शस्त्र घरी आणून ठेवणे, मग ते ‘नुसते पाहण्यासाठी’ का असेना, हा गुन्हा आहे.

परवाना असलेल्या एका व्यक्तीने परवाना असलेल्या दुसऱ्या व्यक्तीस आपले शस्त्र विकावयाचे झाल्यास विक्रेत्याने जिल्हादंडाधिकाऱ्यास किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्यास आधी लेखी कळवावे लागते. त्या पत्रात शस्त्राचे वर्णन आणि घेणाराचे नाव व पत्ता द्यावा लागतो. त्यानंतर निदान ४५ दिवस उलटल्यावाचून शस्त्र हातचे सोडता येत नाही. मूळ मालक मरण पावला असेल, तर वारसाने विनाकारण विलंब न लावता शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक व्यापाऱ्याकडे जमा करावयाचे असते. पुढे विहित मुदतीत त्याला स्वतःचा परवाना मिळवून ते परत घेता येते किंवा अधिकारी व्यक्तीस विकता येते. मुदत टळली तर ते सरकारजमा होऊ शकते. म्हणून ‘वडिलांचे आहे, घरातच पडून आहे, घेऊन जा’ असे कोणी सहजपणे म्हणू लागला, तर ते शस्त्र जमा केल्याची पावती पाहिल्याखेरीज पुढचे बोलणे करू नये.

कागदानंतर धातूवरील अक्षरे वाचावयाची. कायद्याचे आठवे कलम असे सांगते की, बंदुकीवरील निर्मात्याचे नाव, क्रमांक किंवा ओळखीची इतर खूण कोणी खोडू नये, बदलू नये. ज्या शस्त्रावर अशी खूण उमटविलेली नाही ते विकूही नये. तेव्हा भिंग घेऊन क्रमांक वाचा आणि परवान्यावरील क्रमांकाशी अक्षरशः ताडून पाहा. अंक पुसट असेल, त्याच्या भोवतालचा पत्रा खोलगट घासलेला असेल किंवा चौकटीवर एक क्रमांक व नळीवर दुसराच असेल, तर तेथेच थांबावे. माळव्यात आणि चंबळच्या खोऱ्यात ‘कट्टा’ नावाने चोरून विकले जाणारे गावठी पिस्तूल तर विचारातही घेण्याजोगे नाही. त्याची नळी कधी कसोटीला लागलेली नसते, ते हातातच फुटू शकते आणि ते जवळ सापडल्यास दोन ते पाच वर्षांचा तुरुंगवास ठरलेला आहे.

आता किमतीचा विचार. जुनी वस्तू नव्याहून स्वस्त असते, हा आपला नेहमीचा अनुभव. भारतात पिस्तुलांच्या बाबतीत तो उलटा ठरतो. सामान्य परवानाधारकासाठी परदेशी पिस्तुलांची आयात १९८० नंतरच्या दशकात बंद झाली. त्यामुळे तत्पूर्वी येथे आलेली इंग्रजी, अमेरिकन, जर्मन शस्त्रे तेवढीच काय ती हातोहात फिरत राहिली आणि त्यांची किंमत कित्येक लाखांच्या घरात गेली. त्यांच्या तुलनेत देशी नवे रिव्हॉल्व्हर पुष्कळ स्वस्त पडते. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ साली ‘निर्भीक’ नावाचे हलके रिव्हॉल्व्हर बाजारात आणले, तेव्हा त्याची किंमत सुमारे १ लाख २२ हजार रुपये होती. कानपूरच्याच सरकारी कंपनीने २०२३ साली ‘प्रबल’ आणले. यावरून एक गोष्ट ध्यानी यावी. जुन्या परदेशी शस्त्राची मोठी किंमत ही दुर्मिळतेची किंमत आहे, त्यावरून ते निकोप आहे असे ठरत नाही. पाच लाख मोजले म्हणून नळी सरळ असतेच असे नाही.

काही विक्रेते ‘दुरुस्त करून नव्यासारखे केलेले’ असे सांगतात. ह्या शब्दांत दोन निराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. एक म्हणजे खरी दुरुस्ती : झिजलेली कमान बदलणे, सैल झालेले चक्र घट्ट बसविणे, बोथट पिन नवी घालणे. दुसरी म्हणजे केवळ रंगरंगोटी : पोलाद घासून त्यावर काळसर निळा मुलामा पुन्हा चढविणे. गंजाने पडलेले खड्डे घासून काढले की पृष्ठभाग आरशासारखा दिसतो, परंतु तेथील धातू तितकाच पातळ झालेला असतो. हे ओळखण्याच्या साध्या खुणा आहेत. कोरलेल्या अक्षरांच्या कडा बोथट झाल्या आहेत काय? सपाट भागांच्या धारा गोलावल्या आहेत काय? स्क्रूच्या खाचा ओरबाडलेल्या आहेत काय? विक्रेत्याला विचारावे, कोणता भाग बदलला, कोणी बदलला, पावती कोठे आहे? व्यवसाय म्हणून बंदुका दुरुस्त करण्यालाही परवाना लागतो. तेव्हा ज्या दुरुस्तीला पावती नाही तिच्यावर भरवसा ठेवू नये.

यापुढची परीक्षा यंत्राची. ती परवानाधारक व्यापाऱ्याच्या दुकानात, जाणत्या कारागिराच्या समक्ष करावी. पहिला नियम असा की, शस्त्र रिकामे आहे असे कोणी सांगितले तरी स्वतः पाहावे. रिव्हॉल्व्हरचे चक्र उघडून प्रत्येक घर डोळ्यांनी तपासावे. पिस्तुलात आधी काडतुसांची पेटी काढावी आणि मग वरचा सरकता भाग मागे ओढून नळीच्या मुखाशी एखादे काडतूस राहिले नाही ना, हे पाहावे. पेटी काढली तरी नळीत एक काडतूस राहू शकते. कित्येक अपघात ह्या एका विसराने झालेले आहेत.

रिव्हॉल्व्हरमध्ये सर्वांत महत्त्वाचा सांधा म्हणजे फिरते चक्र व स्थिर नळी ह्यांचा. घोडा मागे ओढला की चक्र एक घर पुढे फिरून अडकले पाहिजे आणि ते घर नळीच्या बरोबर समोर आले पाहिजे. घोडा हळूहळू ओढून हे सर्व सहाही घरांशी पाहावे. पाच घरे नीट बसून सहावे बसत नसेल, तर गोळी नळीच्या कडेवर घासते आणि तिचे कपचे बाजूला उडतात. घोडा चढवून अंगठ्याने पुढे रेटला असता तो निसटता कामा नये. चक्र मागेपुढे हलविले असता जाणवण्याइतके खेळत असेल, तर झीज फार झाली आहे असे समजावे. नळीतून उजेडाकडे पाहिले असता आतील वळणदार पन्हळी ठळक दिसावी. आत एखादे काळे कडे दिसले, तर कधीकाळी एक गोळी अडकली असताना दुसरी मारली गेली असून नळी तेथे फुगली आहे, असा त्याचा अर्थ होतो. अशी नळी कितीही स्वस्त मिळाली तरी महागच.

पिस्तुलात मागच्या स्प्रिंगचा जोम, रिकामे टरफल बाहेर ओढणारी आकडी आणि काडतुसांच्या पेटीचे ओठ ही तीन ठिकाणे आधी जातात. जुन्या परदेशी पिस्तुलाची पेटी किंवा आकडी मोडली, तर बदली भाग मिळविता मिळविता वर्ष जाते.

इंग्रजी शस्त्रांवर लंडनच्या किंवा बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहाचे शिक्के असतात. बर्मिंगहॅमचे परीक्षागृह १८१३ सालच्या कायद्याने स्थापन झाले. तेथे नेहमीच्या काडतुसाहून अधिक दाबाचे काडतूस मारून नळी टिकते की नाही हे पाहत आणि मगच शिक्का उठवीत. शिक्का असला तरी तो त्या दिवसाच्या प्रकृतीचा दाखला होय. त्यानंतरच्या सत्तर वर्षांतील गंजाबद्दल तो काही बोलत नाही. काळ्या दारूसाठी बनविलेल्या फार जुन्या शस्त्रात आजची बिनधुराची दारू वापरणे तर उघड उघड धोक्याचे, कारण तिचा दाब निराळा.

काडतुसाचा प्रश्न शेवटी येतो, पण तो सर्वांआधी विचारला पाहिजे. ‘पॉइंट ३२’ एवढे म्हटल्याने भागत नाही. ह्याच आकड्याची रिव्हॉल्व्हरची आखूड काडतुसे आहेत, लांब काडतुसे आहेत आणि पिस्तुलाची निराळीच आहेत. एकाचे दुसऱ्यात चालेलच असे नाही. सैन्य व पोलीस वापरतात ते ९ मिलिमीटरचे पिस्तूल निषिद्ध बोअरमध्ये मोडते आणि सामान्य परवान्यावर ते घेता येत नाही. ज्या काडतुसाचा पुरवठा आपल्या शहरात नाही त्याचे शस्त्र घेणे म्हणजे कपाटात लोखंड ठेवणे आहे, आणि ज्याने सराव केलेला नाही त्याच्या हाती संकटसमयी ते लोखंडच राहते.

श्रोतेहो, येथवर शस्त्राची परीक्षा झाली. आता घराची करावयाची. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सुमारे २ कोटी ६३ लाख प्रौढांची २००४ ते २०१६ अशी बारा वर्षांची नोंद तपासून २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांत बंदुकीने आत्महत्या होण्याचे प्रमाण न बाळगणाऱ्या पुरुषांच्या आठपट आणि स्त्रियांत पस्तीसपट आढळले. त्याच राज्यातील २०२२ च्या दुसऱ्या अभ्यासात, स्वतः पिस्तूल न बाळगता ते बाळगणाऱ्याबरोबर एका घरात राहणाऱ्या माणसांचा खून होण्याचे प्रमाण इतरांच्या दुपटीहून अधिक दिसले. तो देश वेगळा, तेथील कायदे वेगळे, हे खरे. परंतु क्षणाचा संताप आणि क्षणाचे नैराश्य ही कोणत्याही देशाची मक्तेदारी नाही. दोरी शोधण्यास किंवा सुरी उचलण्यास जो अवधी लागतो, तेवढ्यात कोणीतरी हात धरू शकते. चाप ओढण्यास तेवढा अवधी लागत नाही.

म्हणून खरेदीपूर्वी घरातील प्रत्येकाचा विचार करावा. परीक्षेत नापास झालेला मुलगा आहे काय? कर्जाने खचलेला भाऊ, दारूचे व्यसन असलेला नातेवाईक, बाळंतपणानंतर उदास राहणारी सून आहे काय? असल्यास शस्त्र आणण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवणे हेच शहाणपण. शिवाय लग्नाच्या वरातीत ते मिरविण्याचा मोह होणार असेल, तरीही ते नकोच. उत्तरेकडे ‘हर्ष फायरिंग’ म्हणतात त्या आनंदाच्या गोळीबाराने वराती स्मशानयात्रा होऊन परतल्या आहेत. अशा गोळीबाराने कोणाचा जीव धोक्यात आल्यास २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

मळ्यावरच्या एकट्या घराला आधी भक्कम दार, दिवा, कुत्रा आणि हाकेच्या अंतरावरचा शेजारी लागतो. पेढीवाल्याने रोकड रोज बँकेत भरली, तर घरी नेण्याजोगे थोडेच उरते. एवढे करूनही जिवाला खरा आणि दाखवता येण्याजोगा धोका उरत असेल, तर परवाना काढावा. तो मिळाल्यावर नवे देशी आणि जुने परदेशी ह्यांत निवड करावयाची झाल्यास माझे मत नव्याच्या बाजूने पडते. त्याचा पूर्वेतिहास तपासावा लागत नाही, काडतुसे मिळतात आणि सुटे भागही मिळतात. जुनेच घ्यावयाचे असेल, तर कागद, क्रमांक, नळी, चक्र आणि काडतूस ह्या पाचांपैकी एकाचेही उत्तर संशयास्पद आले की उठून यावे. घरी आणल्यावर शस्त्र एका कुलपात आणि काडतुसे दुसऱ्या कुलपात ठेवावीत, किल्ल्या मालकापाशी असाव्यात. निवडणुकीच्या काळात जमा करण्याचा हुकूम आला, तर ते विनातक्रार जमा करून पावती घ्यावी.

जुनी सायकल वाईट निघाली तर पैसे जातात, फार तर गुडघा फुटतो. ह्या व्यवहारात चुकलेल्याची किंमत पुष्कळदा घरातला दुसराच कोणी देतो. घासाघीस करण्यापूर्वी एवढे मनाशी पक्के असावे.