अल-नस्रच्या मुलींचा पहिला हंगाम

३० डिसेंबर २०२२ रोजी रियाधच्या अल-नस्र क्लबने क्रिस्टियानो रोनाल्डोशी करार केला. ही बातमी आपल्या घरांतल्या मुलांना कुणी वेगळी सांगावी लागली नाही. मुंब्र्यापासून मालेगावपर्यंत पिवळ्या जर्सी दिसू लागल्या आणि अल-नस्र हे नाव ज्यांना फुटबॉलमधले काही कळत नाही अशा आजी-आजोबांच्याही कानावर पडले. मात्र त्याच डिसेंबरात, त्याच क्लबची तीच पिवळी जर्सी घालून मुलींचा एक संघ खेळत होता, ही गोष्ट फारच थोड्यांना माहीत झाली. सौदी अरेबियाच्या महिला प्रीमियर लीगचा तो पहिलाच हंगाम होता. १३ ऑक्टोबर २०२२ ला तो सुरू झाला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये संपला. विजेतेपद अल-नस्रच्या मुलींनी पटकावले. रोनाल्डो आलेला असूनही क्लबचा पुरुष संघ त्या वर्षी लीगमध्ये दुसराच राहिला. पहिला आला जेद्दाचा अल-इत्तिहाद. रोनाल्डोबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहून झाले आहे, म्हणून या लेखात आम्ही मुलींबद्दल लिहिणार आहोत.

सौदी अरेबिया आपल्याला परका देश नाही. हज आणि उमऱ्याचे नाते तर आहेच, पण रत्नागिरी, रायगडच्या कितीतरी घरांचा चरितार्थ दोन-तीन पिढ्या जेद्दा, दम्माम, रियाधच्या पगारावर चालला आहे. तिथे राहून आलेल्या आपल्या बायका पूर्वीच्या दिवसांबद्दल जे सांगतात ते आपण ऐकलेले आहे. बाजारात जायचे तर नवऱ्याच्या सुट्टीची वाट पाहायची, गाडी चालवायची नाही, मुलींच्या सरकारी शाळेत खेळाचा तास नाही. मुलींच्या सरकारी शाळांत शारीरिक शिक्षण सुरू करण्याचा निर्णय झाला तो थेट २०१७ च्या जुलैत. १२ जानेवारी २०१८ ला जेद्दाच्या किंग अब्दुल्ला स्पोर्ट्स सिटीत अल-अहली आणि अल-बातिन यांचा सामना झाला, तेव्हा त्या देशातल्या बायका पहिल्यांदा स्टेडियममध्ये बसून पुरुषांचा फुटबॉल पाहू शकल्या. जून २०१८ मध्ये त्यांना वाहन चालवण्याची परवानगी मिळाली. प्रेक्षक म्हणून आत पाऊल टाकल्यापासून पाच वर्षे पुरी होण्याआधीच मुली स्वतः व्यावसायिक लीगमध्ये उतरल्या. हा वेग ध्यानात घेतल्याशिवाय पहिल्या हंगामाचे मोल कळत नाही.

अर्थात हे सगळे सरकारी हुकुमाने एका रात्रीत उगवले, असे समजणेही चूक आहे. परवानगी नव्हती तेव्हाही मुली खेळतच होत्या. २००६ मध्ये जेद्दात रीमा अब्दुल्ला यांनी जेद्दा किंग्ज युनायटेड हा मुलींचा संघ उभारला. त्याच वर्षी पूर्वेकडे दहरानमध्ये ईस्टर्न फ्लेम्स सुरू झाला. लीग नाही, पंच नाहीत, वर्तमानपत्रात चार ओळीही नाहीत. चार भिंतींच्या आत, आपापसांत खेळायचे. यांतली रीमा पुढे २०१२ च्या लंडन ऑलिंपिकची मशाल घेऊन धावली. ईस्टर्न फ्लेम्सचा संघ तर सोळा वर्षे टिकून राहिला आणि २०२२ च्या पहिल्या प्रीमियर लीगमधल्या आठ संघांत त्याचे नाव होते. आम्हाला या हंगामातली सर्वांत मोठी गोष्ट कोणती वाटते, असे कुणी विचारले तर आम्ही विजेत्या अल-नस्रच्याही आधी ईस्टर्न फ्लेम्सचे नाव घेऊ. सोळा वर्षे कोणी पाहत नसताना सरावाला येत राहायचे, लग्ने झाली, बदल्या झाल्या, पोरी सोडून गेल्या तरी संघ मोडू द्यायचा नाही, याला काय म्हणायचे ते वाचकांनीच ठरवावे.

२०२० मध्ये सरकारने पहिल्यांदा महिलांची सामुदायिक लीग भरवली. रियाध, जेद्दा आणि दम्माम या तीन शहरांत मिळून २४ संघ, सहाशेहून अधिक खेळाडू. करोनामुळे ती लांबली आणि वर्षअखेरीस पार पडली. रियाधचा चॅलेंज हा संघ त्यात जिंकला. पुढल्या हंगामात रियाधच्याच अल-ममलका या संघाने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. आणि इथे आपली गोष्ट पुन्हा अल-नस्रकडे येते.

महिला प्रीमियर लीग ठरली तेव्हा देशातल्या मोठ्या पुरुष क्लबांनी आपापले महिला संघ उभे केले. नव्याने मुली गोळा करून संघ बांधायला वेळ लागतो. तयार संघ ताब्यात घेणे सोपे. १९५५ साली स्थापन झालेल्या अल-नस्रने अल-ममलका संघ आपल्या पंखाखाली घेतला. म्हणजे लीगच्या पहिल्याच हंगामात अजिंक्य ठरलेला हा ‘नवा’ संघ खरे तर नवा नव्हताच. आदल्या वर्षीची विजेती मंडळीच नवी जर्सी घालून आली होती. अल-हिलाल, अल-इत्तिहाद, अल-अहली आणि अल-शबाब या बड्या क्लबांचे महिला संघही लीगमध्ये आले. आठांपैकी पाच संघ असे बड्या घरचे, आणि उरलेले तीन, अल-यमामा, समा आणि ईस्टर्न फ्लेम्स, आपल्या बळावर उभे.

या व्यवहारात काय मिळाले ते उघड आहे. मैदान मिळाले, प्रशिक्षक मिळाले, फिजिओ मिळाला, पगार मिळाला. पूर्वी नोकरी किंवा कॉलेज आटोपून संध्याकाळी सरावाला धावणाऱ्या मुलीला आता खेळाचाच करार हाती आला. मुलगी बॉलला लाथ मारून पैसे कमावते, हे वाक्य तिच्या आजीला सांगून पटले असते का? आणि गमावले काय? अल-ममलका हे नाव गेले. मुलींनी स्वतः उभारलेल्या छोट्या क्लबांचा कारभार मोठ्या क्लबांच्या कचेऱ्यांत गेला. उद्या पुरुष संघाचा खर्च वाढला म्हणून कात्री लावायची वेळ आली, तर ती आधी कुठे चालेल, हे सांगायला फुटबॉलचे जाणकार लागत नाहीत. युरोपातही असे घडल्याची उदाहरणे आहेत. आपल्याकडे अंजुमनच्या शाळेत मुलांच्या वर्गांना पंखे आधी आणि मुलींच्या वर्गांना नंतर, हा अनुभव कुणाला नाही?

हंगाम दुहेरी साखळीचा होता. प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येकाशी दोनदा खेळणार, म्हणजे प्रत्येकी चौदा सामने. बड्या क्लबांचा संघ आणि छोटा संघ समोरासमोर आले की काही निकाल फार एकतर्फी लागत. टीकाकारांनी त्यावर बोटही ठेवले. पहिल्या हंगामात असे व्हायचेच. परदेशी खेळाडू घेण्याची मुभा होती आणि त्यांच्यामुळे खेळाची उंची वाढली. जेद्दाच्या अल-अहलीने मोरोक्कोची इब्तिसाम जराइदी आणली. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, पुढे ते पुन्हा येणार आहे. अल-इत्तिहादकडे फराह जाफ्री होती. जेद्दाची ही मुलगी थोड्याच काळात जाहिरातींच्या मोठमोठ्या फलकांवर झळकली. लीग चालू असतानाच, जानेवारी २०२३ मध्ये, सौदीच्या अनूद अल-अस्मरी हिला फिफाच्या आंतरराष्ट्रीय पंचांच्या यादीत स्थान मिळाले. हा मान मिळवणारी ती पहिली सौदी महिला.

राष्ट्रीय संघाची गोष्टही याच काळातली. सौदी महिला संघाचा पहिला सामना २० फेब्रुवारी २०२२ रोजी मालदीवमध्ये माले येथे सेशेल्सविरुद्ध झाला. प्रशिक्षक होत्या जर्मनीच्या मोनिका श्टाब. अल-बंदरी मुबारक आणि मरियम अल-तमीमी यांनी गोल केले आणि सामना २-० असा जिंकला. पुढच्या जानेवारीत अल-खोबरला चार देशांची स्पर्धा झाली, त्यात पाकिस्तानच्या मारिया खानने यजमानांविरुद्ध लांबून मारलेली फ्री किक अशी काही जाळ्यात गेली की तिचा व्हिडिओ कित्येक दिवस फिरत होता. तो सामना १-१ असा सुटला आणि स्पर्धा सौदीने जिंकली. मार्चमध्ये फिफाच्या क्रमवारीत सौदी महिला संघाचे नाव पहिल्यांदा लागले.

आता पोशाखाचा प्रश्न. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या मनात तो पहिल्या परिच्छेदापासून असणार, म्हणून टाळत नाही. या लीगमध्ये डोक्यावर स्कार्फ बांधून, पूर्ण बाह्या आणि लांब पायघोळ घालून खेळणाऱ्या मुली आहेत आणि तसे न करणाऱ्याही आहेत. दोघी एकाच संघात, एकमेकींना पास देत खेळतात. स्कार्फ बांधून खेळण्याचा हक्क मात्र सहज मिळालेला नाही. जून २०११ मध्ये अम्मानला ऑलिंपिक पात्रता सामन्याआधी इराणच्या मुलींना केवळ डोके झाकले म्हणून मैदानात उतरू दिले नाही. त्या मुली मैदानावर रडल्या. ते फोटो जगभर गेले. जॉर्डनचे शहजादे अली बिन अल-हुसैन तेव्हा फिफाचे उपाध्यक्ष होते, त्यांनी हा विषय लावून धरला. २०१२ मध्ये प्रायोगिक परवानगी मिळाली आणि मार्च २०१४ मध्ये बंदी कायमची उठली. फ्रान्समध्ये मात्र तिथल्या फुटबॉल महासंघाची बंदी कायम आहे आणि जून २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ती उचलून धरली. कुठे मुलीने डोके झाकले नाही म्हणून दार बंद, कुठे झाकले म्हणून. दार बंद करणारे मात्र दोन्हीकडे तिला न विचारताच ठरवतात.

मुलींनी धावावे का, या प्रश्नाला आपल्या परंपरेत उत्तर नाही असे नाही. हजरत आयेशा (रजि.) आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांची धावण्याची शर्यत अबू दाऊदच्या संग्रहात आहे. पहिल्या खेपेस आयेशा (रजि.) जिंकल्या, पुढे काही वर्षांनी अंग भरल्यावर प्रेषित (स.) जिंकले आणि ही त्या दिवशीची परतफेड, असे गमतीने म्हणाले. काही उलेमा याच प्रसंगावरून सांगतात की सोबतच्यांना पुढे पाठवून ती शर्यत झाली, म्हणून स्त्रियांचा खेळ परपुरुषांच्या नजरेआड असावा. हा मतभेद जुना आहे आणि तो आम्ही इथे मिटवू शकत नाही. आमचे म्हणणे एवढेच की खुल्या मैदानाला हरकत असेल तर बंदिस्त मैदान मिळवून देणे ही हरकत घेणाऱ्यांची जबाबदारी ठरते. नुसती हरकत घेऊन घरी बसणे सोपे आहे. सातवी-आठवीत गेलेल्या आपल्या किती मुलींचे खेळणे त्या सोप्या हरकतीवर थांबले, हे प्रत्येक घराने आठवून पाहावे.

सौदी लीगचे कौतुक करताना डोळे झाकायचे नाहीत, हेही सांगितले पाहिजे. गाडी चालवण्याच्या हक्कासाठी झगडलेल्या लुजैन अल-हथलूल यांना तो हक्क मिळण्याच्या काही आठवडे आधी, मे २०१८ मध्ये अटक झाली आणि त्या फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटल्या. मागणारीला तुरुंग आणि मागणी मान्य, अशी ही तऱ्हा. २०२३ च्या महिला विश्वचषकाला सौदी पर्यटन खात्याचे प्रायोजकत्व देण्याचा विचार यजमान ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या विरोधामुळे बारगळला. ऑक्टोबर २०२४ मध्ये निरनिराळ्या देशांच्या शंभराहून अधिक महिला खेळाडूंनी सौदी तेल कंपनी अरामकोबरोबरचा करार मोडावा, असे पत्र फिफाला लिहिले. राज्यकर्ते आपली प्रतिमा उजळण्यासाठी खेळ वापरतात, हा आरोप खोटा नाही. पण त्या आरोपाखाली मैदानात उतरलेल्या मुलीही दाबून टाकाव्यात, हे आम्हाला पटत नाही. २००६ पासून खेळणाऱ्यांनी कोणाची प्रतिमा उजळायला सुरुवात केली नव्हती.

आपल्याकडेही असे घडले आहे. मुंब्र्यात सबा खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ‘परचम’ या संस्थेने मुलींच्या हाती फुटबॉल दिला. मुलींनी घरोघर जाऊन आई-वडिलांची समजूत घातली. मैदान सगळे मुलांनी व्यापलेले, म्हणून मुलींसाठी जागा राखून मिळावी यासाठी सह्यांची मोहीम काढली. सावित्रीबाई आणि फातिमा शेख यांची नावे घेऊन वेगवेगळ्या धर्मांच्या मुली तिथे एकत्र खेळल्या. रोनाल्डोची जर्सी विकत घेणाऱ्या अब्बांनी एकदा मुंब्र्याला जाऊन यायला हरकत नाही.

अल-नस्रच्या मुलींनी पुढचे दोन हंगामही जिंकले, सलग तीन. आणि जेद्दाच्या अल-अहलीची ती इब्तिसाम जराइदी? ३० जुलै २०२३ रोजी ॲडलेडला मोरोक्को विरुद्ध दक्षिण कोरिया हा विश्वचषकाचा सामना होता. सहाव्याच मिनिटाला तिने हेडरने गोल केला. महिला विश्वचषकात अरब देशाने केलेला तो पहिला गोल. मोरोक्को १-० ने जिंकले. त्या दिवशी तिच्या मागे बचावफळीत नुहैला बेनझिना खेळत होती, डोक्यावर पांढरा स्कार्फ बांधून. महिलांच्या मुख्य विश्वचषकात हिजाब घालून खेळलेली ती पहिली खेळाडू.